भुईतला गारवा: वऱ्हाडातील घर, उन्हाळा आणि हीट पंप

अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत जमीन दहा मीटर खोल गेल्यावर वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असते, ते म्हणजे २७ ते २८ अंश सेल्सिअस. वर मे महिन्याच्या दुपारी पारा ४४-४५ वर असो की डिसेंबरच्या पहाटे दहा-बारा अंशांवर, खालच्या थरांना त्याचा पत्ता नसतो. भूगर्भाचे हे तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतके, किंवा त्याहून अंशभर जास्त असते, आणि वऱ्हाडाच्या सपाटीची वार्षिक सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. याच स्थिर तापमानावर भूऔष्णिक हीट पंप चालतो. घरातली उष्णता ४५ अंशांच्या हवेत फेकण्याऐवजी २८ अंशांच्या जमिनीत सोडायची, एवढेच त्याचे तत्त्व. युरोप-अमेरिकेतल्या थंड मुलखात हे यंत्र दशकानुदशके वापरात आहे, ते प्रामुख्याने घर गरम करण्यासाठी. वऱ्हाडात त्याला नेमके उलटे काम करावे लागेल, आणि ते त्याला कितपत जमेल हे इथली माती, इथले पाणी आणि इथले घर ठरवतील.

भूऔष्णिक हा शब्द ऐकला की गरम पाण्याचे झरे आठवतात. मोर्शी तालुक्यात मध्य प्रदेशाच्या सीमेवर सालबर्डीला असा झरा आहे. वऱ्हाडाच्या शेजारी नांदेड जिल्ह्यात उनकेश्वर आणि जळगाव जिल्ह्यात उनपदेव ही ठिकाणे याच कारणाने प्रसिद्ध आहेत. या झऱ्यांतले पाणी जमिनीतल्या खोल भेगांमधून वर येते आणि सोबत पृथ्वीच्या पोटातली उष्णता आणते. लडाखमधील पुगा खोऱ्यात अशा उष्णतेपासून वीज करण्याचा प्रयत्न चालू आहे. घराच्या हीट पंपाचा या झऱ्यांशी संबंध नाही. त्याला लागते ती वरची शंभर-दीडशे मीटर जमीन, आणि तिच्यातली उष्णता मुख्यतः सूर्याची असते. २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. त्यात झऱ्यांबरोबर या उथळ जमिनीवर चालणाऱ्या हीट पंपांचाही समावेश आहे.

उन्हाची उष्णता जमिनीत लाटांसारखी उतरते आणि उतरता उतरता विरते. एक लाट दिवसाची, दुसरी वर्षाची. साधारण मातीत दिवसाची लाट दर १२ सेंटिमीटरला सुमारे ३७ टक्क्यांवर येते, म्हणून अर्धा मीटर खाली दुपार आणि पहाट यांत फरक उरत नाही. वर्षाच्या लाटेला तेवढेच विरायला सव्वादोन मीटर लागतात. साडेचार मीटरवर ऋतूंमधला फरक सुमारे एक-सप्तमांशापर्यंत उतरतो. वऱ्हाडात जानेवारी आणि मे यांच्या सरासरी तापमानात १४ अंशांच्या आसपास अंतर असते, ते या खोलीवर दोन अंशांवर येते. विरण्यासोबत लाट मागेही पडते. साडेचार मीटर उतरायला तिला जवळजवळ चार महिने लागतात. त्यामुळे मे महिन्यात, वर रस्त्यावरचे डांबर पाघळत असताना, तेवढ्या खोलीवरची माती जानेवारीच्या अखेरीच्या गारव्याचा उरलेला अंश धरून असते. मेची उष्णता तिथे पोचते ती सप्टेंबरात.

वऱ्हाडी माणसाने हे गणित न मांडताही वापरले होते. ज्वारी साठवायची पेवे जमिनीत खोल खणलेली असत. त्यांत धान्य वर्षानुवर्षे टिके, कारण आत ना तापमान बदले ना हवा खेळे. पेव उघडल्यावर कोंडलेला वायू निघून जाईपर्यंत आत कोणी उतरत नसे. जुन्या वाड्यांतल्या तळघरांचा उपयोगही तसाच, उन्हाळ्याच्या दुपारी तिथे घोंगडी टाकून पडण्यासाठी. गावोगावच्या देशमुखांच्या गढ्यांच्या मातीच्या भिंती दोन-तीन हात जाड असत. धाब्याच्या घराचे छत म्हणजे सागाच्या कड्या, त्यावर फळ्या किंवा काड्यांचा थर आणि त्यावर हातभर चोपलेली पांढरी माती. अशा छतातून दुपारी एकची उष्णता खाली यायला दहा-बारा तास लागतात, तीही मूळच्या पाच-सात टक्केच उरते. ती येते मध्यरात्री, माणसे अंगणात किंवा धाब्यावरच झोपलेली असताना. पहाटेच्या गार हवेत माती पुन्हा निवते. जमिनीचे काही हात घराच्या डोक्यावर नेऊन ठेवण्याचाच हा प्रकार होता.

त्या घरांचे दोषही मोठे होते. दर मृगाआधी धाब्यावर नवी माती टाकून ते चोपावे लागे, नाही तर पावसात गळे. कड्यांना वाळवी लागे. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने मराठवाड्यात दाखवून दिले की दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवद हलले तर आतल्या माणसांना वाव राहत नाही. लोकांनी सिमेंटचा स्लॅब स्वीकारला तो केवळ हौसेने नव्हे. मात्र स्लॅबबरोबर घराचे उष्णतेचे वेळापत्रकच बदलले. चार-पाच इंची स्लॅबमधून दुपारची उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते आणि संध्याकाळी छत वरून भाजू लागते. पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत चार-पाच वाजता तापते आणि रात्री अकरा-बाराला आत उष्णता सोडते. माणूस ज्या वेळी झोपायला येतो, त्याच वेळी घर दिवसाचे ऊन परत करते. टिनाच्या घरात तर उशीर असा नाहीच. पत्रा तापला की घर तापले.

२५ मे २०२४ रोजी अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेच्या लाटेमुळे महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले. कामगारांसाठी पाणी आणि सावलीची सोय सक्तीची झाली, शिकवणी वर्गांना भर दुपारी मनाई झाली. एरवी दंगलीच्या भीतीने वापरले जाणारे कलम उन्हासाठी वापरावे लागले. पण जिल्हा प्रशासनाचे आदेश रस्त्यावर आणि कामाच्या ठिकाणी चालतात. घराच्या आत, रात्री दहाला ३७-३८ अंशांत बाळंतीण आणि म्हातारी माणसे काय करतात, याचे उत्तर घराच्या बांधणीत शोधावे लागते. उष्णतेच्या लाटेत शरीराला रात्रीची विश्रांती मिळाली नाही तर धोका झपाट्याने वाढतो, आणि त्या विश्रांतीवर स्लॅबचा ताबा असतो.

म्हणून हीट पंपाची चर्चा यंत्रापासून नव्हे, छतापासून सुरू व्हायला हवी. बारा चौरस मीटरची, म्हणजे साधारण दहा बाय तेराची खोली घेऊ. मेच्या दुपारी उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग ६५ अंशांपर्यंत जातो. उघडा स्लॅब दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला सुमारे ३ वॅट उष्णता आत येऊ देतो. आत ३२ अंश असले तर छतातूनच जवळपास १,२०० वॅट उष्णता खोलीत येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याची एक-तृतीयांश ताकद फक्त स्लॅबशी झगडण्यात जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने छतासाठी हीच मर्यादा १.२ वॅट ठरवली आहे. विटांचा जाड कोबा, त्याखाली फोम किंवा तत्सम उष्णतारोधक थर घातला की ती गाठता येते. तेवढ्यानेच १,२०० वॅटचे ४७५ होतात. त्यावर पांढरा रंग किंवा साधी चुन्याची पुताई केली, तर पृष्ठभाग ५० अंशांच्या आसपास राहतो आणि आत येणारी उष्णता २६० वॅटवर उतरते. एका पंख्याइतक्याही विजेशिवाय हजार वॅटची उष्णता दारातूनच परत गेली. अहमदाबादने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छते पांढरी करण्याचे काम त्यात आले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच आणले. वऱ्हाडाचा उन्हाळा या दोघांहून सौम्य नाही. छतावर सौर पॅनेल बसवली तर त्यांची सावलीही हेच काम थोडेफार करते. टिनावर तुराट्या किंवा कडबा अंथरण्याची खेड्यातली रीतही सावलीचीच आहे, फक्त तिला आगीचा धोका आहे.

छत सावरल्यावरही उष्णता उरते. ती काढण्यासाठी वऱ्हाडाने निवडलेले यंत्र म्हणजे कूलर. अकोला-अमरावतीत उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्याचे कूलर बाहेर काढणे, जाळ्यांतले जुने गवत काढून नवे भरणे, पंपाला तेल-पाणी करणे हे घरोघरचे काम. त्याआधी सधन घरांत आणि कचेऱ्यांत दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत. दोन्हींचे विज्ञान एकच. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते. हवा किती गार होऊ शकेल याची सीमा ‘ओल्या फुग्याचे तापमान’ ठरवते, म्हणजे तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरल्यावर दिसणारे तापमान. मेच्या दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना ही सीमा २३ अंशांच्या जवळ येते. बऱ्यापैकी जाळ्या असलेला कूलर या सीमेकडचे ऐंशी टक्के अंतर कापतो. त्याच्यातून बाहेर येणारी हवा २७-२८ अंशांची असते.

हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. दहा मीटर खोलीवरची जमीनही २७-२८ अंशांचीच. वऱ्हाडाच्या कोरड्या मे महिन्यात जे तापमान मिळवण्यासाठी जमिनीत बोअर मारावे लागेल, ते दोनशे वॅटचा कूलर पाण्याच्या जोरावर देतो. भूऔष्णिक यंत्रणेची खरी स्पर्धा इथे एसीशी नाही, कूलरशी आहे, आणि एप्रिल-मे मध्ये ती स्पर्धा कूलर जिंकतो. परदेशातली आकडेवारी वाचून या यंत्रणेविषयी उत्साहित होणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते.

कूलरची किंमत पाण्यात चुकवावी लागते. एक लिटर पाण्याची वाफ झाली की सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता जाते. घरगुती कूलर दहा तास चालला तर शंभर-दीडशे लिटर पाणी सहज पितो. अकोला शहराची तहान काटेपूर्णा धरणावर आणि अमरावतीची अप्पर वर्धेवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येण्याची शाश्वती नसलेल्या घरात दीडशे लिटर ही लहान गोष्ट नाही. खारपाणपट्ट्यात आणखी वेगळी अडचण येते. बोअरचे खारे पाणी कूलरमध्ये घातले की जाळ्यांवर क्षारांचा पांढरा थर चढतो, पत्रा गंजतो आणि गारवा कमी होतो. ओल्या पत्र्यातून विजेचा धक्का बसून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसे दगावतात, म्हणून गळती ओळखून वीज तोडणारा स्विच हा कूलरचा अविभाज्य भाग समजायला हवा. आणि सर्वांत मोठी मर्यादा ऋतूची. जूनच्या अखेरीस हवा दमट झाली की कूलर कामातून जातो. पाऊस लांबला, तापमान ३४ आणि आर्द्रता ६५ टक्के झाली, तर कूलर फार तर २९-३० अंशांची ओली हवा देतो आणि अंगावरचा घामही सुकत नाही. जुलै ते ऑक्टोबर हे कूलर हरण्याचे महिने आहेत. जमिनीच्या गारव्याला काही वाव असेल तर तो इथे आहे.

जमिनीचा गारवा वापरण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे बोगदा. साडेतीन-चार मीटर खोल नळ्या पुरायच्या, पंख्याने बाहेरची हवा त्यांतून ओढायची आणि खोलीत सोडायची. दिल्लीजवळ गुरुग्राम भागात गुआल पहाडीला टेरी संस्थेच्या ‘रिट्रीट’ या प्रशिक्षण संकुलात २००० सालापासून ही पद्धत वापरात आहे. तिथे नळ्या चार मीटर खोल आहेत. अशा बोगद्यात कॉम्प्रेसर नसतो, विजेचा खर्च फक्त पंख्याचा. वऱ्हाडात मात्र दोन अडचणी आहेत. मोर्शी-वरुडकडे किंवा बाळापूरच्या दक्षिणेला थोड्या खोलीवर काळा खडक लागतो आणि चार मीटर चर फोडणे म्हणजे सुरुंगाचे काम. पूर्णेकाठच्या काळ्या जमिनीत खणणे सोपे, पण चराच्या भिंती ढासळतात. शिवाय पावसाळ्यात, ज्या वेळी खरी गरज, त्या वेळी बोगद्यातली हवा २८-२९ अंशांची पण ओलीच राहते. हवेतले पाणी गळायला तिला २५-२६ च्या खाली न्यावे लागते, आणि ते या मातीला जमत नाही. दमट हवा कोरडी करायची तर कॉम्प्रेसर लागतो. तिथे हीट पंप येतो.

हीट पंप विहिरीवरच्या मोटरीसारखा आहे. मोटर पाणी खालून वर चढवते, हा उष्णता कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे चढवतो, आणि चढ जितका उंच तितकी वीज जास्त. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये या यंत्राची कल्पना मांडली. जमिनीचा उष्णतेसाठी उपयोग करण्याचे पेटंट स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिख झोएली यांनी १९१२ मध्ये घेतले. घरातला फ्रिज आणि एसी हे हीट पंपच आहेत. फरक इतकाच की साधा एसी उष्णता हवेत फेकतो. बाहेर ४५ अंश असताना हवेत उष्णता सोडायची तर त्याच्या बाहेरच्या जाळीतला वायू ५७-५८ अंशांपर्यंत तापवावा लागतो. जमिनीत फिरून येणारे पाणी ३५ अंशांचे असेल तर ४२ अंश पुरतात. आत दोन्हींना दहा अंशांच्या आसपास उतरायचे आहे. म्हणजे एकाला ४७ अंशांचा चढ, दुसऱ्याला ३२ चा. प्रत्यक्ष यंत्रांच्या मर्यादा धरून हवेवरचा एसी अशा दुपारी एका युनिट विजेत २.७ युनिट उष्णता बाहेर काढतो, जमिनीवरचा सुमारे ४. विजेची बचत एक-तृतीयांश.

आता ही बचत एका घराच्या हिशेबात बसवू. दीड टनाचे यंत्र, वर्षाला ६०० तास पूर्ण क्षमतेने. उष्णता निघाली सुमारे ३,१५० युनिट. हवेवरच्या एसीला वीज लागली १,१७० युनिट, जमिनीवरच्याला ७९०. त्यात नळ्यांतले पाणी फिरवणाऱ्या पंपाचे साठ-सत्तर युनिट मिळवले की निव्वळ बचत वर्षाला तीनशे युनिटांच्या आसपास राहते. युनिटला दहा रुपये धरले तर तीन हजार रुपये. दुसऱ्या बाजूला, जमिनीत सोडायची उष्णता ६.६ किलोवॅट, आणि बोअरचा एक मीटर साधारण ४५ वॅट उष्णता घेतो असे धरले, तर दीडशे मीटरचे, म्हणजे पाचशे फुटांचे बोअर लागते. त्यात प्लास्टिकची दुहेरी नळी, तिच्याभोवती उष्णता वाहून नेणारे भरण, वर पंप आणि खास यंत्र. खर्च लाखांत जातो. एकट्या कुटुंबासाठी हा व्यवहार वऱ्हाडात आज जुळत नाही. हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण छतावरचा कोबा आणि चुना याहून किती तरी कमी पैशांत याहून जास्त देतात.

पैशांपेक्षा खोल अडचण जमिनीच्या स्वभावातली आहे. स्वीडन किंवा कॅनडात हीट पंप हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतो आणि उन्हाळ्यात गारव्यासाठी चालवला तर ती परत भरतो. जमिनीचे खाते जुळते राहते. वऱ्हाडात घर तापवायची गरजच नाही, त्यामुळे जमिनीत फक्त भरणा होतो. वरच्या उदाहरणातले यंत्र वर्षाला जवळपास ३,९५० युनिट उष्णता जमिनीत ओतते. बोअरभोवतीच्या तीन मीटर त्रिज्येतल्या जमिनीला ती कोंडून राहिली तर एका वर्षात दीड अंशाने तापवायला पुरेशी आहे. एकटे बोअर असेल तर उष्णता आजूबाजूला पसरते आणि काही बिघडत नाही. पण एखाद्या वसाहतीने सहा-सहा मीटरवर ओळीने बोअर मारले, तर पसरायला जागा उरत नाही. काही वर्षांत २८ अंशांची जमीन ३५ ची होते आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती बचत संपते.

यावर उतारा म्हणजे उष्णता परत काढून घेणारे काम शोधणे, आणि ते काम गरम पाण्याचे आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला दीडशे लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साडेतीन युनिट उष्णता लागते, वर्षाला सुमारे १,२८०. म्हणजे जमिनीत गेलेल्या उष्णतेचा एक-तृतीयांश परत. घरासाठी सौर बंब हेच काम स्वस्तात करतो. मात्र जिथे गारवा आणि गरम पाणी दोन्ही मोठ्या प्रमाणावर, बारा महिने लागतात तिथे हिशेब बदलतो. अमरावतीतली मोठी रुग्णालये, महाविद्यालयांची वसतिगृहे, शेगावसारख्या तीर्थक्षेत्रातली भक्तनिवासे, संत्र्यांची शीतगृहे ही अशी ठिकाणे. तिथे एका बाजूने काढलेली उष्णता दुसऱ्या बाजूला सरळ वापरता येते आणि जमिनीला फक्त मधला फरक सांभाळावा लागतो.

कुठल्या जमिनीत हे करावे, यात वऱ्हाडाचे दोन भाग अगदी वेगळे पडतात. वरुड-मोर्शीचा संत्रापट्टा बेसाल्ट खडकाचा आहे आणि भूजलाच्या अतिउपशाने तिथली पातळी फार खोल गेली आहे. कोरडा, भेगाळ खडक उष्णता आळसाने घेतो. तिथे बोअर आधीच शेकडो फूट कोरडी असताना त्यात उष्णता सोडणे म्हणजे कमी पाणी असलेल्या जागी जास्त नळी. वरच्या काळ्या मातीत आडव्या नळ्या पुरण्याचा स्वस्त मार्गही इथे फसवा आहे. ही माती सुकली की आक्रसते आणि तिच्यात रुंद, खोल भेगा पडतात. भेगेत हवा शिरते, आणि हवेतून उष्णता जवळपास जात नाही. नळीतून सोडलेली उष्णता भोवतालची माती आणखी सुकवते, भेगा आणखी वाढतात. उन्हाळ्यात, नेमक्या गरजेच्या वेळी, यंत्रणा स्वतःचाच मार्ग बंद करते.

याउलट पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाचे थर शेकडो मीटर जाड आहेत. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा याच गाळावर आहे. तिथले भूजल खारे असल्याने ना प्यायला चालते ना ओलिताला. पिढ्यान्‌पिढ्या या पाण्याने लोकांना त्रासच दिला, किडनीच्या विकारांच्या तक्रारी आणि पाण्यासाठीची पायपीट या पट्ट्याच्या नशिबी आली. पण उष्णतेला पाण्याची चव कळत नाही. पाण्याने भरलेला गाळ कोरड्या मातीच्या किती तरी पट जास्त उष्णता वाहून नेतो. नळी बंद आणि प्लास्टिकची असली तर खाऱ्या पाण्याचा आतल्या पाण्याशी संपर्क येत नाही, गंज नाही, क्षाराचा थर नाही. गाळात बोअर मारणे खडकापेक्षा सोपे, आणि पाणी उपसायचे नसल्याने कोणाच्या विहिरीचे पाणी कमी होण्याचा प्रश्न नाही. कूलर जिथे खाऱ्या पाण्याने बिघडतो तिथेच जमिनीचा मार्ग सर्वांत चांगला आहे, ही या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट. वऱ्हाडात हीट पंपाचा पहिला प्रयोग व्हायचा असेल तर तो दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा अकोट भागातल्या एखाद्या रुग्णालयात व्हावा.

ओलिताच्या मळ्यात आणखी एक पर्याय संभवतो. विहिरीचे २७ अंशांचे गोडे पाणी ठिबकला जाण्याआधी यंत्रातून फिरवायचे. दीड टनाच्या यंत्राला तासाला हजार लिटरच्या आत पाणी पुरते, ते सहा अंशांनी तापते आणि पुढे झाडांना जाते. पाणी वाया जात नाही, बोअर मारावे लागत नाही. ज्या विहिरी मेपर्यंत टिकतात त्यांच्यासाठीच हे आहे, आणि खारपाणपट्ट्यात ते अजिबात चालणार नाही, कारण तिथे खारे पाणी यंत्राच्या नळ्या भरून टाकील.

विजेच्या व्यवस्थेच्या दृष्टीने बचत केवळ घराच्या बिलात मोजून भागत नाही. बाळापूर तालुक्यातल्या पारस केंद्राचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठचे १,३५० मेगावॅटचे केंद्र, दोन्ही कोळशावर चालतात. उन्हाळ्याच्या रात्री, सौर वीज नसताना, प्रत्येक खोलीतला एसी याच कोळशावर पडतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘भारत शीतकरण कृती आराखडा’ मांडला आणि १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताच २४ अंशांवर असावेत असा नियम केला. तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगते. पंख्यासोबत २७ अंश वऱ्हाडातल्या सरावलेल्या शरीराला पुरतात. भूऔष्णिक यंत्राने लाख रुपयांत जी एक-तृतीयांश बचत मिळते, तिचा निम्म्याहून जास्त भाग एसीचे बटण तीन अंश वर ठेवून मिळतो.

प्रयोग करायचा तर सुरुवात परीक्षणाने होते. एकच बोअर मारून त्यात नळी सोडतात, वरून ठरावीक ताकदीने पाणी तापवून दोन-तीन दिवस अखंड फिरवतात आणि परत येणाऱ्या पाण्याचे तापमान कोणत्या गतीने चढते ते टिपतात. चढ जितका मंद तितकी जमीन उष्णता चांगली नेते, आणि त्यावरून किती मीटर बोअर लागेल ते ठरते. वरच्या हिशेबातला मीटरमागे ४५ वॅटचा अंदाज इथेच खरा किंवा खोटा ठरेल. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या तिघांकडे मिळून या कामासाठी लागणारे ज्ञान आहे. परीक्षणाची दोन बोअर हवीत, एक खारपाणपट्ट्यातल्या गाळात, एक वरुडच्या खडकात, आणि दोन्हीकडे मोजणी दोनदा, मेमध्ये आणि पावसाळा संपताना ऑक्टोबरमध्ये.